नदीच्या अंगाची माती

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. माहेर देऊळघाटचं, म्हणजे घाटावरचं. तिथं पाणी अंगणातून निघून जातं, घरात येत नाही. सासर घाटाखाली, पूर्णेच्या काठी, निंबोरीला. बैलगाडीतून पहिल्यांदा गाव दिसलं तेव्हा वाटलं, एवढ्या सपाट काळ्या रानात ही टेकडी कुठून आली? पालथ्या टोपल्यासारखी टेकडी आणि तिच्यावर दाटीनं बसलेली धाब्याची घरं.

"टेकडी नाही व ते," पुढं मी हे बोलून दाखवलं तेव्हा गोजरमाय म्हणाली. "मानसायनं केली."

गोजरबाई आमच्या शेजारची, एकटीच राहणारी विधवा. सगळं गाव तिला गोजरमाय म्हणे. तिचं घर गावाच्या टोकाला, नदीच्या अंगाला. तिनंच मला सांगितलं की पूर्णा येते, घरं पाडते. लोक पडलेल्या भिंती पायांनी तुडवतात आणि त्यावरच नवं घर बांधतात. असं किती पिढ्या चाललंय, कुणाला ठाऊक नाही.

"मंग लोक उठून दुसरीकडं काऊन नाही गेले?" मी विचारलं.

"जाऊन खातीन काय? नदी घर नेते, पन गाळ ठेवून जाते. त्या गाळातले वांगे खाऊन पाह्यले का त्वा?"

आम्ही भाजीपाला पिकवणारे. त्या वांग्यांवरच आमचं घर चालत होतं.

दर अखाडीला, म्हणजे आषाढातल्या पुनवेला, प्रत्येक घरच्या बाईनं नदीतली पाटीभर माती आणून गावाच्या उतारावर टाकायची, पायांनी दाबायची, असा रिवाज होता. नव्या सुनेची पहिली पाटी नदीच्या अंगाला, गोजरमायच्या घरामागं. मीही टाकली. चुडा भरलेले हात, पायाखाली ओली माती, आणि बायका हसत होत्या की घाटावरच्या पोरीला दाबता येत नाही.

दुसराही एक रिवाज होता. गावाखालच्या त्या मातीला पांढरी म्हणतात. राख, शेण, जुन्या भिंती, सगळं मुरलेलं असतं तिच्यात. भाजीला ती खतासारखी लागते. पण घ्यायची ती शेताकडच्या अंगानं, आणि गाडीभर नेली तर गाडीभर काळी माती आणून टाकायची. नदीच्या अंगाला कुदळ लावायची नाही. का, ते गोजरमाय इतक्यांदा सांगे की कुणी ऐकत नसे.

तिसऱ्या वर्षी आमची वांगी बारीक राहिली. नांदुऱ्याच्या बाजारात आमच्याच गावच्या हिंमतरावांचा माल हातोहात गेला आणि आमच्या टोपल्या परत आल्या. आमचे मालक, पुंजाजी, ती वांगी बैलांपुढं ओतून आले. मग मीच म्हणाले, "शेताकडची माती उपसून उपसून मेली. गोजरमायच्या घरामागची कोनी शिवली नाही. दोन पाट्या आनल्या तं काय होते?"

हे मी म्हणाले. पुढं गावात कुणाकुणाचं नाव घेतलं गेलं, पण बोलणं माझं होतं.

त्यांनी दोन पाट्या नाही, दोन गाड्या आणल्या. मी खणलेली जागा बघायला गेले. मातीत राखेचा पट्टा, त्यावर नदीच्या वाळूचा, पुन्हा राख, पुन्हा वाळू. खापराचे तुकडे, एका बांगडीचा टवका. वाळूचा एकेक पट्टा म्हणजे एकेक पूर. मी सातापर्यंत मोजले आणि स्वयंपाकाला निघून आले.

वांगी अशी आली की त्यांच्यात तोंड दिसावं. पुढच्या उन्हाळ्यात हिंमतरावांची गाडी तिथं उभी राहिली, मग साऱ्या गावाची. जेठ संपेस्तोवर गोजरमायच्या घरामागचा उतार गेला होता. तिथं माणसापेक्षा उंच, सरळ कापलेली दरड उभी होती.

एक दिवस ती काठी टेकत आली.

"काऊन बे पुंज्या, माह्या घराखालचं घर खाऊन राह्यला काय?"

"माय, तुह्या घरची माती लय गोड हाय. वांग्याईले विचार!"

गाडीवाले खो खो हसले. ती हसली नाही.

"पूर्णाबाई जेवाले येईन तवा तेच वांगे वाढजो तिले," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मंजुळे, तुही पाटी कुठी टाकली व्हती त्वा?"

मी खाली बघितलं. मी टाकलेली माती तेव्हा वांग्यांच्या वाफ्यात होती.

त्या अखाडीला बायकांनी त्या खाचेत पाट्या टाकल्या. साठ-सत्तर पाट्या, आणि नेलेल्या गाड्या शेकड्यानं. उरलेली उन्हाळ्यात भरू, असं सगळे म्हणाले.

पोळा झाला. भादव्यात चार दिवस कडक ऊन पडलं. दुपारी मी नाल्यावर धुणं धूत होते. हा नाला आमच्या शेतांकडून येतो आणि गावाखाली पूर्णेला मिळतो. हातातून एक फडकं सुटलं. ते नदीकडं जायला हवं होतं. ते शेतांकडं वर चाललं. आभाळात ढग नव्हता. पलीकडं कुणाचीतरी म्हैस पाण्यात एक पाय टाकून उभी होती आणि पुढं जाईना.

वरून गोजरमायची हाक आली, "मंजुळे, वर ये! नाला उलटा फिरला! पूर्णा भरली, तिनं त्याले मांगं लोटलं!"

पाऊस कुठंतरी लांब, वर झाला होता. आम्हाला त्याचा थेंबही कळला नव्हता. लोक धान्य आणि लेकरं घेऊन मारुतीच्या पारावर गेले, ती गावातली सगळ्यात उंच जागा. पाण्याचा आवाज नव्हता. फक्त दर वेळी बघितलं की रानातली आणखी एक बाभूळ दिसेनाशी झालेली असे.

पारावर गोजरमाय नव्हती. मी पळत गेले. ती स्वतःच्या अंगणातली माती खणून पाटीनं खाली खाचेत ओतत होती. दरडीच्या पायथ्याशी पाणी लागलं होतं. मातीचे लपके सुटून पडत होते.

"माय, चाल!"

"माह्यं घर जाते तं जाऊ दे. हे अंग फुटलं तं मांगचं सारं गाव जाते. पाटी धर."

मी धरली. किती ओतल्या, आठवत नाही. मालक आणि हिंमतराव धावत आले. लाकडं टाकली, खाटा-बाजा टाकल्या, दगड टाकले. मग मालकांनी उद्याच्या बाजारासाठी भरलेली वांग्यांची पोती गाडीवरून ओढून खाली ढकलली. ते बघून ती हसली.

"वाढलं का रे पुंज्या?"

तेवढ्यात अंगणात एक भेग पडली. केसाएवढी. तिच्या आणि माझ्या पायांच्या मधून गेली. तिनं ती बघितली, मीही बघितली. हातातली रिकामी पाटी तिनं माझ्याकडं फेकली, आणि अंगण, भिंत, धाबं, ती, सगळं खाली बसलं. मोठा आवाजही झाला नाही.

तिच्या आख्ख्या घरानं ती खाच भरली. पाणी त्यावर चढलं, थांबलं. माझ्या उंबऱ्याच्या हातभर खाली थांबलं आणि दुसऱ्या दिवशी उतरू लागलं.

पाणी ओसरल्यावर शेतात गुडघाभर गाळ होता. त्या वर्षी वांगी कशी आली ते मी सांगत नाही. आम्ही विकली, खाल्लीही.

तिथं नंतर कुणी घर बांधलं नाही. दर अखाडीला मी तिथं पाटी टाकते. पाटी तिचीच आहे, काठ दोनदा नव्यानं विणून घेतला. यंदा उन्हाळ्यात त्या अंगाला ट्रॅक्टरच्या चाकांचे वण दिसले. विचारलं तर ट्रॅक्टरवाले म्हणाले, "आजी, आता वर धरनं झाले, कायचा पूर येते?"

काल दुपारी नाल्यावर बसले होते. भादवा आहे, आणि चार दिवस ऊन. पाण्यात एक पिवळं पान पडलं आणि बराच वेळ एका जागी थांबलं. मी पाटी मांडीवर घेऊन, ते नदीकडं वळतं का शेतांकडं, ते बघत राहिले.