साडेचार मीटर रेशीम आणि दादाच्या शिंका

दादा कापतो, मी शिवते. आमच्या दुकानाची ही वाटणी पंचवीस वर्षांची आहे आणि तिच्यात नाक खुपसायची कुणाची छाती नाही. फक्त वर्षातले दोन महिने, समोरच्या रस्त्यावरची झाडं पिवळी भुकटी उधळायला लागली, की मी दादाच्या हातातली कात्री सरळ काढून घेते. कारण दादाची शिंक ही साधीसुधी शिंक नव्हे, तिने टेबल हलतं. दोन वर्षांपूर्वी एका वकिलाच्या कोटाची डावी बाही अशाच एका शिंकेत चार बोटं आखूड झाली. त्या वकिलाची समजूत घालताना माझ्या नाकी नऊ आले.

आणि यंदा नेमकं त्याच दोन महिन्यांत चिमीचं लग्न. चिमी म्हणजे दादाची एकुलती एक. तिच्या लग्नाच्या पोशाखासाठी वहिनीने फिकट निळं रेशीम घेऊन ठेवलं होतं, चिमी शाळेत होती तेव्हाच. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. कापड साडेचार मीटर, पोशाखाला लागणार साडेचार मीटर, आणि तसलं रेशीम आता शोधूनही मिळत नाही. एक कात्री चुकली की संपलं.

"दुसऱ्या कुणाकडून कापून घेऊ या ना, बाबा," चिमी भीत भीत म्हणाली.

"कापीन तर मीच," दादा म्हणाला आणि लागोपाठ सात वेळा शिंकला.

डॉक्टरांच्या गोळीने शिंका थांबायच्या, पण त्यांच्याबरोबर दादाही थांबायचा. मोजपट्टी गळ्यात घालून टेबलावरच डुलक्या. शेवटी मी चौकशी करून एक बाई शोधून काढल्या. दोन गल्ल्या पलीकडे, चष्म्याच्या दुकानावर त्यांची खोली. ॲक्युपंक्चर करतात. सुया टोचणार म्हटल्यावर दादाचा चेहरा पांढराफटक पडला. दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलणारा हा माणूस! मी त्याला दंडाला धरून जिना चढवला.

बाई सरळ बोलणाऱ्या निघाल्या. "मास्तर, शिंका कमी होतील असं वाटतं. साफ जातील असं वचन मी देत नाही. आणि गोळीचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही."

मग त्यांनी केसासारख्या बारीक सुया काढल्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, भुवयांच्या मध्ये एक, अंगठ्यांच्या बेचक्यांत एकेक, गुडघ्यांखाली दोन-दोन, अशा एकूण अकरा टोचल्या. दादाने डोळे घट्ट मिटले होते. "टोचा एकदाच्या," तो म्हणाला, तेव्हा सगळ्या टोचून झाल्या होत्या. वीस मिनिटं पडून राहा असं सांगून बाईंनी दिवा मंद केला आणि आम्ही दोघी बाहेर येऊन बसलो.

वीस मिनिटांनी आत गेलो तर दादा पलंगावर पाय सोडून बसलेला, आणि त्याच्या ओठांत दहा सुया, ओळीने, टोकं आत.

त्याची गंमत अशी, की दादाला डुलकी लागली होती. अर्धवट जागा झाला, हातात टाचण्या दिसल्या, आणि टाचण्या दिसल्या म्हणजे ट्रायल झाली, आता काढायच्या. जन्मभर त्याने दुसरं केलंय काय?

"अहो मास्तर, माझ्या सुया!" बाई किंचाळल्या.

"एकही खाली पडू दिली नाही," दादा ओठ न उघडता म्हणाला. वर त्याचाच आवाज दुखावलेला.

बाईंनी मोजल्या. दहा. मग अकरावीसाठी आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून फरशी धुंडाळायला लागलो. दादा सगळ्यात मन लावून शोधत होता आणि सुई त्याच्या दोन भुवयांच्या मध्ये ताठ उभी होती. त्याने कपाळाला आठी घातली की तीही हलायची. मी पोट धरून हसले. बाई अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी मला शिक्षाच दिली: यापुढे वीस मिनिटं मास्तरांच्या शेजारी बसायचं आणि त्यांचे हात सांभाळायचे.

मी बसले. एका टेबलाशी पंचवीस वर्षं काढली, पण नुसतं शेजारी बसणं कधी जमलं नव्हतं. मधे सारखं मशीन घरघरत असायचं. आता मी त्याची मनगटं धरून बसायची आणि तो छताकडे बघत लहानपणच्या गोष्टी काढायचा. पाचव्या खेपेपर्यंत सकाळच्या चाळीस शिंका चार-पाचांवर आल्या. सुयांनी आल्या की वारा फिरल्याने, देव जाणे. मला कशानेही चाललं असतं.

पण रेशीम कपाटातच. आज हवा दमट आहे, आज उजेड कमी आहे, उद्या बघू. लग्न नऊ दिवसांवर आलं आणि सहाव्या खेपेला माझं डोकं फिरलं.

"दादा, सकाळपासून एक शिंक नाही तुला. आता कसली वाट बघतोयस?"

हात माझ्या हातात, तोंडावर सुया. पळणार कुठे?

"शिंका होत्या तेच बरं होतं गं," तो म्हणाला. "ती घडी तुझ्या वहिनीने घातलेली आहे. मी अजून मोडली नाही. एकदा कापलं की ते तिचं राहणार नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी भांडते.

"तिने ते कपाटात ठेवायला आणलं नव्हतं. तू कापावंस म्हणून आणलं होतं. नाहीतर शिंप्याशी लग्न कशाला केलं असतं तिने? तुझ्या रूपावर भाळून?"

दादाचं पोट हलायला लागलं. मग सुया हलायला लागल्या. "कोण हसतंय आत?" बाई बाहेरून ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खिडक्या लावल्या आणि घडी मोडली. चिमीने पलीकडचं टोक ताणून धरलं, मी खडू दिला. दादाने खुणा केल्या, कात्री घातली. निम्मं कापड सरसर कापून झालं. मग गळ्याच्या गोलाईवर त्याचा हात एकाएकी थांबला, पाती उघडली आणि त्याने कात्री झटक्यात मागे घेतली.

तेवढ्यात चिमी शिंकली. अशी शिंकली, की रेशीम वीतभर ओढलं गेलं. पण त्यावर कुठे ओरखडासुद्धा नाही.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"डावी नाकपुडी फुगली तुझी. तीस वर्षं हीच शिंक येते मला, ओळखणार नाही?" दादाने खिशातला रुमाल काढून तिचं नाक पुसलं, चार वर्षांची असल्यासारखं, आणि तिनेही पुसू दिलं. मग तळव्याने रेशीम सारखं करून तो म्हणाला, "अजून येत असेल तर येऊ दे. मी थांबतो."

ती अजून तीनदा शिंकली. मग दादाने उरलेलं रेशीम एका दमात कापलं.