शेवंतीला सोनं कळतं

शहरातल्या द्वारका चौकाच्या पुलाखाली सापडलेलं पिल्लू ते. अंगावर पिवळसर लव, म्हणून आशाने नाव ठेवलं शेवंती. आता ती दोन वर्षांची झाली होती आणि आशाच्या नवऱ्याच्या, म्हणजे सहादूच्या म्हणण्याप्रमाणे तिला सोनं कळत होतं.

सहादूने बावीस वर्षं श्वानपथकातल्या कुत्र्यांचं जेवण रांधलं. शिकवणं त्याचं काम नव्हतं. पण स्वयंपाकघराची खिडकी मैदानावर उघडायची, आणि भात शिजेपर्यंत माणसाने बघायचं तरी काय? वास द्यायचा, वस्तू लपवायची, सापडली की शाबासकी. रिटायर झाल्यावर त्याने तेच शेवंतीला शिकवलं. वासाला घेतली आशाची अंगठी.

"आणि हरवली म्हणजे?" आशाने बजावलं. "सराफाने दिली तशी गुलाबी कागदाच्या पुडीतच राहू द्या. नाक कुत्रीचं आहे, तुमचं नाही. येईल तिला कागदातून वास."

सहादूला ते पटलं. पुडी कधी तांदळाच्या डब्यामागे, कधी चपलांखाली. शेवंती हुंगत जायची, नेमकी पुडीपाशी बसायची आणि उजवा पंजा उचलायची. मग उकडलेलं अंडं. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, "अहो, सोन्याला वास असतो होय?" तर सहादू म्हणायचा, "तुमच्या नाकाला नसेल."

ही बढाई चांदवडला पोचली. तिथे त्याची थोरली बहीण विठाबाई राहायची. शेतातल्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या फळ्यांच्या मांडवात, उन्हाळ कांदा भरताना तिच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत वाढली. पोत तुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण वाढून गेली कुठे, ते कळेना. तिच्यात आईची दोन सोन्याची डोरली होती. त्या दिवशी चाळीत विठाबाईच्या जोडीला होती कलाबाई. गावाची जीभ म्हणजे उताराचं पाणी. ते कलाबाईच्या दारात जाऊन साचलं.

"सोन्याचं दुख हाय, नाय कशाला म्हणू," विठाबाई फोनवर म्हणाली. "पण कला तीन दिस कामाला आली नाय रे. तिच्या ओव्यांबिगर चाळ मुकी झाली. तुझ्या कुत्रीला घेऊन ये. तिचं नाव धुऊन निघू दे."

दुसऱ्याच दिवशी सहादू शेवंतीला टेम्पोत घालून निघाला.

चाळीपुढे माणसं जमली होती. विठाबाईचा मुलगा चंदर चाळीला टेकून उभा. "मामा, सोन्याचा वास काढती, मग सराफाकडं नोकरीला का नाय लावली?"

"तुझ्यासारखी रिकामी नाही ती," सहादू म्हणाला. लोक हसले.

कलाबाई आपण होऊन आली होती. "काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्या," एवढंच म्हणाली आणि कडुनिंबाखाली उभी राहिली.

सहादूने पुडी हुंगवली. "शोध!" शेवंतीने चाळीला एक फेरी घातली, नाक वर केलं आणि तडक कडुनिंबाकडे गेली. कलाबाईसमोर बसली. उजवा पंजा उचलला.

"घ्या!" चंदर म्हणाला. "मिळालं सोनं."

कलाबाईने कमरेचा बटवा सोडला. आतून एक गुलाबी पुडी निघाली. "सोनं आमच्या वाट्याला कुठलं, भाऊ? नातीचं बारसं हाय. चांदीचे वाळे हायेत."

पुडीत बोटभर वाळे होते. पण चंदरचा आवाज उतरेना. "मंग डोरली दुसरीकडं लपवली आसतील. कुत्री उगाच बसती का?"

सहादू त्या गुलाबी कागदाकडे बघत राहिला. मग आपल्या हातातल्या पुडीकडे. गप्प राहिलं तर शेवंतीचं नाव राहत होतं, आणि कलाबाईचं कायमचं बुडत होतं.

"थांब रे," तो म्हणाला. अंगठी पुडीतून काढून चंदरच्या हातात दिली. "ही लपव एखाद्या दगडाखाली. आणि हा रिकामा कागद दुसऱ्या दगडाखाली."

शेवंती अंगठीवरून तशीच गेली. रिकाम्या कागदापाशी बसली आणि पंजा उचलला. मोठा हशा पिकला. सहादूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "कुत्री खोटी नाही. मी खोटा. हिला सोनं कधी कळलंच नव्हतं. हिला सराफाचा कागद कळतो. कलाबाई, माझं चुकलं."

कलाबाई पदराने डोळे टिपत होती. शेवंती मात्र मान वाकडी करून अंड्याची वाट बघत होती. तिच्याकडे बघता बघता सहादूला ती जुनी खिडकी आठवली. तिथे चोरीची वस्तू कुणी हुंगवत नव्हतं. हुंगवायचे माणसाचं फडकं, माणसाची चप्पल.

"आक्का, पोत मागे नव्याने ओवून घेतलीस, तेव्हाचा जुना दोरा?"

"हाय की. पोतीचा दोरा टाकत्यात व्हय? देव्हाऱ्यात ठेवलाय."

दोरा आला. काळा, मऊ पडलेला. वर्षानुवर्षांचं खोबरेल, हळद, घाम पिऊन बसलेला. शेवंतीने तो हुंगला. पुन्हा हुंगला. सहादूचा आवाज या वेळी हळू निघाला, "शोध, बाई."

ती एकदा गेली, परत आली. विठाबाईच्या पायांपाशी घुटमळली, पुन्हा गेली. आणि चाळीच्या फळ्यांखाली, जिथे फटींतून टरफलं गळून ढीग साचतो, तिथे पोटावर सरपटत शिरली. बराच वेळ नुसती खुसखुस. मग नाकाला कांद्याचं टरफल चिकटलेलं तोंड बाहेर आलं, आणि एक पंजा.

चंदर आत रांगला. बाहेर आला तो केसांत जळमटं आणि मुठीत पोत. दोन्ही डोरली जागच्या जागी. तो कुणाकडे बघेना.

"कलामावशी..." त्याने तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे," कलाबाई म्हणाली. "उद्या येते मी कामाला. कांद्याच्या पाट्या मात्र दिवसभर तू उचलायच्या."

विठाबाईने पोत कलाबाईच्याच हातात ठेवली. "ओव तूच. नव्या दोऱ्यात." उन्हात बसून मणी ओवता ओवता कलाबाईचा गळा हळूच मोकळा झाला:

"सोन्याला नाही वास, वास जिवाच्या कष्टाचा
माझ्या विठाच्या दोऱ्याला, गंध चाळीस वर्षांचा"

शेवंतीला एकाऐवजी दोन अंडी मिळाली. टेम्पो सुरू झाला आणि आशाचा फोन आला. "अंगठी आहे ना पुडीत?"

सहादूने चंदरकडे बघितलं. चंदरने दगडांकडे. दगड होते तीस-चाळीस.

सगळे वाकले. शेवंती निवांत बसून मिशा चाटत होती. हे काम तिचं नव्हतं. शेवटी कलाबाईने एक चपटा दगड उलटला, अंगठी पदराला पुसली आणि सगळ्यांसमोर सहादूच्या तळहातावर ठेवली.

"धरा भाऊ," ती म्हणाली आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "तुमच्या कुत्रीपेक्षा मला सोनं बरं कळतंय."