पोवळ्याचं पाणी

"तुम्ही लोक खोटं लिहिता आणि वर शिक्काही मारता," असं म्हणत यू-शिनने पाणी तपासणीचा अहवाल पाणीखात्याच्या माणसाच्या छातीवर टेकवला. "माझ्या माशांच्या टाकीत तांबं उतरलंय. कुठून आलं? आभाळातून पडलं?"

दारात बूट काढून उभा असलेला माणूस अदबीने हसला. असं हसायला त्यांना तिथे शिकवतच असावेत.

"बाई, पाणी स्वच्छ आहे. तपासलंय आम्ही."

"कुठे तपासलंत?"

"खाली. मीटरपाशी."

"आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. मीटरपाशी कोण राहतं, तुमचे काका?"

त्याने काचेच्या टाकीकडे नजर टाकली. "टाकीत तुम्ही फिल्टरचंच पाणी घालता ना? त्यात तांबं नाही, असं तुम्हीच सांगितलंत. मग नळाचा काय संबंध?"

तो गेला आणि तिने दार असं आपटलं की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

कीलुंग बंदरात ती क्रेन चालवायची. तीस टनांचा डबा जहाजावर अलगद टेकवणारा तिचा हात या टाकीत शिरला की बोटबोटभर सरकायचा. तिला क्रेन शिकवणारे फान मास्तर दीड महिन्यापूर्वी, म्हातारपणी लेकीकडे ताइनानला राहायला गेले, तेव्हा त्यांनी आपली टाकी मोडली आणि एकोणीस वर्षं वाढवलेल्या पोवळ्याची ही एवढी फांदी तिच्या ओंजळीत दिली. मास्तरांसोबत गेलेलं बाकीचं पोवळं प्रवासात मेलं. आता असेल ते हेच.

पहिले तीन दिवस त्याची हिरवी बोटं पाण्यात डुलली. मग ती आखडली, आणि हिरडी सुटून दात दिसावेत तसा कडेचा पांढरा सांगाडा उघडा पडला. काचेवरच्या गोगलगायी तर आधीच गळून पडल्या होत्या. मासे मात्र मजेत; एवढं तांबं त्यांना सोसतं, पोवळ्याला नाही. यू-शिनने पंप बदलला, धातूचा तुकडान् तुकडा काढून टाकला, तांबं शोषणाऱ्या पिशव्या सोडल्या. दर रविवारी पाणी बदललं की सोमवारी पोवळं जरा मान वर काढायचं. गुरुवारी पुन्हा मेल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. पहाटे उकिडवी बसून ती काचेवरच्या काळ्या रेघेकडे बघत होती. रोज मगभर पाणी आटायचं आणि ती रेघेपर्यंत भर घालायची. आज पाणी रेघेखाली जेमतेम मगभर उतरलं होतं. कालही तेवढंच. आपण शेवटचा मग ओतला कधी? तिने बोटं मोजली. सहा आठवडे! या पावसाळी गावात जिथे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत तिथे पाणी काय आटणार, म्हणून तिने मनावरच घेतलं नव्हतं. पण वर दिवा तापत होता, पंखा फिरत होता. आटत तर असणारच.

म्हणजे कुणीतरी पाणी घालत होतं!

ती दिवा मालवून स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहिली. साडेसहाला सासूबाई थर्मास घेऊन गुणगुणत आल्या, झाकण उचललं आणि बारीक धारेने पाणी सोडायला लागल्या. "पी रे बाळा, पी."

"आई!"

"अगं बये! जीव जायचा माझा!"

"रोज घालता हे?"

"रोज. ते आल्या दिवसापासनं. क्रेनवरनं आल्यावर तुला वाकवत नाही, दिसतं ना मला. आणि तुझ्या त्या फिल्टरचं पाणी म्हणजे मढं नुसतं, ना चव ना जीव. मी चांगलं नळाचं पाणी दोनदा उकळून, गार करून घालते. या घरात कच्चं पाणी दिलंय का कुणाला मी?"

यू-शिन धावली. तपासणीच्या कुपीत तिने थर्मासमधलं पाणी घेतलं, पाच थेंब टाकले. पाणी निळंशार झालं: तांबं. ती मोठ्याने हसली आणि तिने सासूबाईंना मिठीच मारली.

"सापडला! चोर सापडला, आई!"

"मी चोर होय?"

"तुम्ही नाही हो, तुमचा थर्मास!"

मग घरात नुसती धांदल उडाली. साठवलेलं खारं पाणी बाहेर आलं, बादल्यांवर बादल्या उपसल्या, अर्धी टाकी बदलली. सासूबाई पदर खोचावा तसा झगा खोचून फरशी पुसत होत्या आणि पोवळ्याची माफीही मागत होत्या. "चुकले रे बाबा. आता रुसू नकोस, एकदाचा ऊठ."

अकराच्या सुमारास एक बोट हललं.

"आई, इकडे या! लवकर!"

एक, मग तीन, मग सबंध झुपका. गेल्या कित्येक रविवारांत फुललं नव्हतं एवढं पोवळं फुललं. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. यू-शिनने फान मास्तरांना फोटो धाडला; लगेच फोनवर त्यांचा आवाज आला, "रडवलंस की गं मला! इथे माझी भाजी करपली!"

गलक्याने आत झोपलेली यू-शिनची तान्ही पोर जागी झाली. यू-शिन कामावर परतल्यापासून, गेले पाच महिने, तिला वरचंच दूध होतं. सासूबाईंनी सवयीने बाटलीत पूड घातली, थर्मासचं पाणी ओतलं, बाटली हलवली आणि पोरीला कडेवर घेऊन टाकीपुढे आल्या. "बघ, बघ निन-निन, कसं नाचतंय!" पोर चुटूचुटू पीत होती. यू-शिन वाकून चित्रण करत होती.

सासूबाईंची नजर टेबलावरच्या निळ्या कुपीवर गेली आणि तिथेच राहिली.

"यू-शिन, उकळलं की तांबं जातं ना गं?"

यू-शिनचा हात थांबला. फोन पोवळ्याकडेच रोखलेला होता. तिने फक्त मान हलवली. नाही.

सासूबाईंनी बाटली ओढून काढली. पोर किंचाळली.

"पाच महिने झाले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मान खाली नको घालूस. त्या शिक्केवाल्याला बोलाव, नाहीतर त्याच्या साहेबाला. पाच महिने मी हिला काय पाजलं? कुणी सांगणार आहे की नाही मला?"