जावयाचा जॅक आणि माझा ठोकळा

आमच्या जावयांनी डोंगरदऱ्यांत फिरायची गाडी घेतली, तिथपर्यंत ठीक होतं. मग तिला ही एवढाली चाकं लावून हातभर उंच केली. आता तिच्यात बसायचं म्हणजे माळ्यावर चढायचं, आणि माझे गुडघे हे असे! शेवटी मी सुताराकडून एक रुंद, जाडजूड लाकडी ठोकळा करून घेतला. त्यावर पाय ठेवायचा, दम घ्यायचा आणि वर. जावयांना त्या ठोकळ्याची भारी लाज. "आई, एवढ्या रुबाबदार गाडीत हे काय?"

मी म्हणायचे, "रुबाब तुम्ही सांभाळा, गुडघे मी सांभाळते."

भांडायचो खरे, पण यजमान गेल्यापासून रविवारची ती चक्कर म्हणजेच माझी घराबाहेरची हवा. बाकी सहा दिवस मी आणि चार भिंती.

आणि तीच गाडी विकायला निघाली माझी लेक! झालं असं, की नदीकाठच्या चिखलात गाडी रुतली. गाडीसोबत आलेला छोटा जॅक या उंच गाडीच्या पोटाला पोचेचना. ट्रॅक्टर येईपर्यंत लेकीला डासांनी फोडून काढलं. घरी येताच तिनं नवऱ्याला ठणकावलं, "येत्या रविवारी पुन्हा तिथंच जायचं. रुतली तर तुझी तू काढायचीस. ट्रॅक्टर बोलवलास, की गाडी विकायची. गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय."

गाडी गेली म्हणजे माझा रविवारही गेला. म्हणून जॅक घ्यायला मीही दुकानात गेले.

दुकानदार बोलका होता. "हा बाटलीसारखा. ताकद दांडगी, पण उंची तोकडी. तुम्हाला पुरायचा नाही. हा चाकांचा, गॅरेजच्या फरशीवर मस्त पळतो, चिखलात जागचा हलणार नाही. तुम्ही हा घ्या, उंच दांड्याचा. बंपरखाली लावायचा. बंपर लोखंडी आहे ना?"

"अस्सल लोखंडी!" जावयांची छाती फुगली.

"माणसांसकट वजन किती भरेल?"

जावई माझ्याकडे बघायला लागले. मग दुकानदारही बघायला लागला. अरे, मी काय गहू आहे?

"माझं साठ," मी म्हटलं.

"मग दोन टनांचा पुरे," दुकानदार म्हणाला.

जावयांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तीन टनांचाच द्या."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुकानदार पुढं म्हणाला, "मऊ जमिनीत खाली रुंद लाकूड घाला बरं का." ते मी ऐकलं, पण फुगून बसले होते ना, बोलले नाही. जावई तर जॅक खांद्यावर टाकून आरशात स्वतःला बघत होते.

रविवारी गाडी चिखलात घातली आणि ती शहाण्यासारखी रुतली. लेक हाताची घडी घालून मागं बसली. मी ठोकळा खाली टाकून त्यावर उतरले. जावयांनी बंपरला जॅक लावला आणि दांडा दाबायला लागले. कट्, कट्, कट्.

"येतेय का वर?" त्यांनी विचारलं.

"गाडी आहे तिथंच आहे. जॅक खाली चाललाय," मी म्हटलं.

लेकीनं खिडकीतून फोन दाखवला. "कुणाला लावू? ट्रॅक्टरवाल्याला की गिऱ्हाइकाला?"

जावयांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात माझं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. जॅक चिखलात गेला होता आणि मी ठोकळ्यावर कोरडी ठणठणीत उभी होते! चपलांसकट चिखलात उडी मारली आणि ओरडले, "घ्या हा, घाला त्याच्या खाली!"

रुबाब गेला खड्ड्यात. जावयांनी ठोकळा अक्षरशः छातीशी धरला. कट्, कट्, कट्, आणि चाक चिखलातून वर आलं. मी खाली दगड भरायला लागले. दोन मिनिटांनी लेकही पदरचे चार दगड घेऊन आली, तोंड वाकडं करूनच. जॅक उतरवला, जावयांनी गाडी सुरू केली आणि ती गुरगुरत कडक जमिनीवर आली.

मी टाळ्या वाजवल्या. मग ठोकळा शोधायला गेले. तो पार आत गेला होता. तिघांनी ओढला, हलला नाही.

"आता आई चढणार कशी?" लेक म्हणाली.

जावयांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग इस्त्रीच्या पँटसकट दाराशी गुडघे आणि हात टेकून ओणवे झाले. "या, आई."

मी पाय उचलला आणि थांबले. माणसाच्या पाठीचा प्रश्न होता. वाकून हळूच म्हटलं, "अहो, साठ नाही हं. ब्याऐंशी."

"माहीत आहे, आई. म्हणून तर तीन टनांचा घेतला," खालून आवाज आला. "तिथं बोललो असतो, तर तुम्ही रागावून रविवारी आला नसता."

शक्य तितकी हलकी होत मी चढले. ते कण्हले, पण खचले नाहीत.

मागं लेक फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होती. "नाही हो, विकायची नाही. माझी आई बसते तिच्यात."