दाबलं की धावणारा

मी ईमेलमधल्या लिंकमागे बसवलेला ट्रिगर बोलतोय. उंदराच्या पिंजऱ्यातली स्प्रिंग पाहिलीय ना? तसाच मी. कुणी लिंक दाबली की ताडकन उठायचं आणि नेमून दिलेलं पत्र त्याला धाडायचं. कोणी दाबली, का दाबली, ही चौकशी माझ्या कामात बसत नाही.

माझा जन्म घाना देशातल्या कुमासी शहरातला, बोआतेमाबाईंच्या दुकानातला. मंडप आणि खुर्च्या भाड्याने देणारं दुकान. त्यांची भाची अफ्रिये हिने एका हाताने केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, नि मासे खात दुसऱ्या हाताने मला घडवलं. गिऱ्हाइकांना जाणाऱ्या जाहिरातीच्या ईमेलमध्ये दोन लिंका होत्या, एक लग्नाच्या मंडपाची, दुसरी अंत्यविधीच्या मंडपाची; आमच्याकडे दोन्हीला मंडप लागतो. पहिली दाबली की मी अभिनंदन करायचो, दुसरी दाबली की सांत्वन.

"महिनाभरात याने एक तरी खरं गिऱ्हाईक आणलं तर ठेवीन," मावशी म्हणाली. "नाहीतर तू परत खुर्च्या पुसायला!"

पोरीची सगळी भिस्त माझ्यावर. मलाही भारीच चेव चढला.

पहिल्याच दिवशी एका विमा कचेरीतून धडाधड लिंका दाबल्या गेल्या. चाळीस माणसं, दोन्ही लिंका! मी चाळीस जणांचं अभिनंदन केलं आणि त्याच चाळीस जणांचं सांत्वनही. अफ्रिये नाचायचीच बाकी होती. तेवढ्यात तिथल्या साहेबांचा फोन आला.

"बाई, माझं लग्न कुणाशी लावलंत? आणि मेलं कोण? बायको विचारतेय!"

झालं होतं असं, की त्या कचेरीत येणारं प्रत्येक पत्र आधी एक राखणदार यंत्र तपासतं. धोका नाही ना, म्हणून प्रत्येक लिंक स्वतःच दाबून बघतं. माणसांनी पत्र उघडलंही नव्हतं. आता यंत्राने दाबलं काय नि माणसाने दाबलं काय, मला सारखंच. मावशीने मात्र फडकं शोधून ठेवलं.

महिना भरला त्या दिवशी ताची मास्तर दुकानात आले. निवृत्त शिक्षक, अंगावर सुतकाचं काळं वस्त्र. बायको गेली होती. आमचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं होतं, पण लिंक दाबली नव्हती. मरणाची बातमी अशी बोटाने कळवतात होय? समोर जायचं, बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं आणि कसं येणं केलंत असं विचारलं की मग सांगायचं.

मला हे कोण शिकवणार? महिनाभर लिंक न दाबणारा म्हणजे माझ्या लेखी रुसलेलं गिऱ्हाईक. त्याला लाडीगोडीचं पत्र धाडायचं, हेही अफ्रियेनेच शिकवलेलं. मास्तर पाणी पीत होते आणि नेमकं तेव्हाच मी ते धाडलं. फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"इतके दिवस गप्प का? सगळं खुशाल ना? या, लग्नसराईची सवलत खास तुमच्यासाठी!"

 मास्तरांनी पेला खाली ठेवला.

"खुशाल नाही, पोरी. म्हणून तर आलो."

आपण नसतो तर बरं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. अफ्रिये रडायला लागली. मावशीने मास्तरांजवळ खुर्ची ओढली आणि भाचीला हाक मारली. "रडतेस काय? ये, बस इथे. मास्तर काय सांगतात ते नीट ऐकून घे. आणि त्या आगाऊ कार्ट्याला आधी गप्प कर!"

आता मी पत्रं धाडत नाही. दाबणाऱ्याचं नाव फक्त अफ्रियेसमोर ठेवतो. फोन तीच करते. तुम्हीही मला जरूर कामाला लावा, मी झोपत नाही, पगार मागत नाही. पण कुणाच्या मनात काय आहे, ते मला विचारू नका.

पुढे एका शनिवारी, आमच्याकडे अंत्यविधी असा सवडीनेच होतो, मास्तरांच्या बायकोला निरोप द्यायला अर्धं गाव लोटलं म्हणे. खुर्च्या कमी पडल्या. मला पत्ताही नव्हता. कुणी काही दाबलंच नव्हतं.