घासलेली चासी

"चाचा, नंबर दावा मला. कुठंय नंबर?"

विरूपाक्ष जीपखाली उताणा पडून मोबाइलचा उजेड लोखंडावर फिरवत होता. अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. एरवी पडलेली किल्लीसुद्धा दुसऱ्याकडून उचलून घेणारा हा माणूस ऑइलच्या मातीत लोळतोय, एवढ्यावरूनच मकसूद मिस्त्रीनं काय ते ओळखायला हवं होतं. पण तो हसत उभा होता. त्याला वाटलं, मालक आपलं काम बघून खूश होतायत.

"पुढच्या अंगाला बघा. डाव्या बाजूला असतो."

"तिथं कायबी न्हाई. नुसतं चमकून राहिलंय."

विरूपाक्ष कपडे झटकत बाहेर आला, तेव्हा त्याच्या तोंडातून 'चाचा' गेलेलं होतं.

"मिस्त्री, पासिंगच्या सायबानं गाडी परत लावली. चासीवर नंबरच न्हाई म्हनला. बिननंबराची चासी म्हंजी कुनाची बी असंल. चोरीची बी असंल. आमची चासी कुठं गेली?"

चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. मकसूद वाकला, जिथं नंबर असायचा तिथं त्यानं बोट फिरवलं. तिथं त्यानंच ग्राइंडर मारला होता. गंज खरवडला, खड्डे भरले, पुन्हा घासलं, मग प्रायमर, मग काळा रंग. नंबर गंजाबरोबर उडून गेला होता.

असली चूक मकसूदच करू जाणे. नवशिका असता तर त्यानं आधी नंबर शोधला असता आणि त्यावर टेप चिकटवली असती. पण ही विरूपाक्षच्या वडलांची, सिद्रामप्पांची जीप होती. चाकूरच्या सिद्रामप्पांनी ती मिलिटरीच्या लिलावातून घेतली, तेव्हापासून मकसूदचे हात तिला लागलेले. लातुरात नांदेड रोडला त्यानं पत्र्याचं गॅरेज टाकलं, तेव्हा दारात उभी राहिलेली पहिली गाडी हीच. तिचा आवाज कोपऱ्यावरून ऐकू आला तरी तो म्हणायचा, आप्पा आले. अशा गाडीचा नंबर कोण बघत बसतो?

"मीच घासलो, मालक," तो म्हणाला. "चुकलं माझं. पर चासी तीच हाय."

"कशावरून?"

आणि मकसूदला काही म्हणजे काही दाखवता येईना. इंजिन त्यानंच मागे पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवलेलं. बॉडी कुजली होती, म्हणून पंजाबातून नवी मागवलेली. डॅशबोर्डवरची नंबराची पट्टी कधीच पडून गेलेली. आप्पांच्या जीपमध्ये आप्पांची म्हणावी अशी एक चासी तेवढी उरली होती आणि ती मकसूदनं नव्यासारखी करून ठेवली होती.

"पुन्यात असल्या जुन्या चासीला सोन्याचा भाव हाय," विरूपाक्ष म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं होतं देव जाणे. सांगणाऱ्यांना काय, तोंड उघडायला पैसे पडत नाहीत. "आमची तिकडं धाडलास आन् भंगारातली हिच्याखाली घातलास. मी ठान्यात तक्रार देनार."

शेजारचा चहावाला किटली हातात घेऊन थबकला. समोरच्या टायरवाल्यानं हवा भरायचं मशीन बंद केलं. मकसूदची कानशिलं तापली. या रस्त्यावर लोक त्याच्यापाशी गाडी सोडून, किल्ली फेकून, मागे न बघता निघून जात. मकसूदच्या गॅरेजमधून नटसुद्धा हलत नाही असं म्हणत. त्याची सगळी कमाई ती होती. बाकी त्याच्यापाशी होतं काय?

"आप्पाला आना," तो ठासून म्हणाला. "आप्पा न्हाई म्हनले तर मीच ठान्यात येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आले. पंचाऐंशीचे म्हातारे, गुडघे गेलेले, पण डोकं एकदम शाबूत. खुर्ची नको म्हणाले. काठी मकसूदच्या हातात दिली, जीपला धरत धरत ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि पायरीखालून हात आत घातला.

ते काय शोधतायत हे मकसूदला तेव्हा कळलं. 

फार वर्षांपूर्वी मुखेडच्या बाजाराहून येताना, मागं पाण्याचं इंजिन लादलेलं असताना, ही चासी तडकली होती. मकसूद तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्यानं रस्त्यावरच वेल्डिंग मारलं. जोड पक्का बसला, पण दिसायला ओबडधोबड, नुसतं ढेकूळ. आप्पांना त्याचं केवढं कौतुक! आल्यागेल्याला वाकायला लावून दाखवायचे. "हे बघा, आमच्या मकसूदनं गाडीला आवाळू काढलंय." लोक हसायचे, मकसूदही हसायचा. मनातून मात्र शरमायचा. यंदा सगळी गाडी उघडल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर ते ढेकूळ कापून काढलं, नवी पट्टी टाकली आणि जोड असा बेमालूम घासला की सांगूनही सापडू नये.

आप्पांचा हात मागं गेला, पुढं आला, पुन्हा मागं गेला. मग ते दुसऱ्या बाजूला गेले. तिकडेही त्यांनी चाचपून पाहिलं.

"आप्पा, ती गाठ मीच काढलो," मकसूद म्हणाला.  "चांगली दिसत नव्हती म्हनून."

विरूपाक्ष मोठ्यानं हसला. "नंबर बी घासला, गाठ बी घासली! ऐका आप्पा."

 आप्पांनी धोतराला हात पुसला.

"गाडी माझीच हाय," ते म्हणाले. "इरुपाक्षा, तक्रारबिक्रार काई करायची न्हाई."

"पर आप्पा—"

"माझी हाय म्हनलो न्हवं? बास."

बापापुढं बोलायची विरूपाक्षची टाप नव्हती. तो पाय आपटत आपल्या कारकडे गेला. चहावाल्यानं लांबूनच मकसूदला हात केला. मकसूदला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. या म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं त्याला वाटलं.

"जीप कवा नेता, आप्पा?"

"राहू दे हितंच," आप्पा म्हणाले. "घरी नगं."

मकसूदनं त्यांना दंडाला धरून कारपर्यंत नेलं, दार उघडलं, पाय उचलून आत ठेवले. विरूपाक्ष पलीकडं फोनवर कुणावर तरी खेकसत होता. आप्पांनी मकसूदचं मनगट धरून त्याला खाली ओढलं.

"मागितली असतीस तर देऊन टाकलो असतो रं तुला," ते कानात म्हणाले. रागानं नाही, अगदी मायेनं. "गुपचूप इकायची काय गरज पडली?"

मकसूदनं तोंड उघडलं. पण सांगायचं होतं ते सगळं त्यानं आधीच सांगितलं होतं, आणि ते कोणाला खरं वाटलं नव्हतं. आप्पांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. विरूपाक्षनं गाडी सुरू केली.

मकसूद घरी पोचायच्या आधीच बातमी गल्लीत पोचली होती. बायकोनं, बानोनं, न सांगताच ताट वाढलं. आज तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"छूट गए बोलके सुनी मैं. आप्पा क्या बोले?"

"माफ करे," मकसूद म्हणाला.

"माफ?" बानोचा हात भाकरीच्या टोपलीतच राहिला. "कायकी माफी जी? तुम क्या करे?"

मकसूदनं भाकरीचा तुकडा मोडला. बानो उत्तराची वाट बघत होती. त्यानं तो तुकडा तसाच ताटात ठेवून दिला.