गिरकीतला उखाणा

काचीगुड्याच्या घरात पार्वतीबाई आणि त्यांची तेलुगू सून लावण्या रोज सकाळी फुगडी घालायच्या. एका गिरकीला एक मराठी शब्द. ताट! वाटी! ताक! शब्द अडला की फुगडी मोडायची आणि दोघी हसत फरशीवर बसायच्या.

शुक्रवारच्या हळदीकुंकवाला लावण्याला स्वतः जुळवलेला उखाणा घ्यायचा होता. बायका जमल्या, तशा चुलतसासू इंदुताई म्हणाल्या, "घे गं नाव. की फोनमध्ये बघून वाचणार?"

लावण्या उभी राहिली, पण एकही शब्द आठवेना. डोळे भरून आले. एकदम तिनं सासूचे हात पकडले.

"अत्तम्मा, फिरा ना! उभ्या उभ्या शब्द येत नाहीत मला!"

पार्वतीबाईंनी पदर खोचला. बायका भिंतीला चिकटल्या, पैंजण घुमले, आणि गिरकीबरोबर शब्द धावत आले:

"ताटात भाकरी, वाटीत ताक,
अनिरुद्धरावांना मारते मराठीत हाक!"

"ओ!" बाहेरून अनिरुद्धनं साद दिली. घर हसून हसून लोटपोट.

इंदुताईंनी चष्मा काढून ठेवला आणि हात पुढे केले. "आता मला फिरव. ताकाला तुमच्यात काय म्हणतात गं?"

"मज्जिगा, इंदुताई, मज्जिगा!"